क्रेडिट कार्ड अपग्रेडची ऑफर आलीय? 'हो' म्हणण्याआधी हा हिशेब करा

पहिली नोकरी लागते, सॅलरी अकाउंट उघडलं जातं आणि त्याच बँकेकडून एक साधं क्रेडिट कार्ड हातात पडतं. वर्ष-दीड वर्ष बिलं वेळेवर भरली की फोनवर मेसेज यायला लागतात, 'अभिनंदन! तुमचं कार्ड अपग्रेडसाठी पात्र आहे.' बँकेचं अ‍ॅप उघडलं की तिथेही तेच बॅनर. नवीन कार्डावर '५% कॅशबॅक' मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि खाली एक बटण. दाबलं की झालं.

बटण दाबणं सोपं आहे. पण बहुतेक वेळा अपग्रेड म्हणजे जुनं कार्ड बंद आणि त्याच्या जागी नवीन. नंतर 'मला जुनंच परत द्या' म्हटलं तर बँक सहसा नव्याने अर्ज करायला सांगते. म्हणून दोन्ही कार्डांची तुलना आधीच करायला हवी. बहुतेक जण इथे नवीन कार्ड किती टक्के देतं एवढंच बघतात. खरा प्रश्न वेगळा आहे: माझ्या स्वतःच्या खर्चावर नवीन कार्ड जुन्यापेक्षा वर्षाला किती रुपये जास्त देईल, आणि त्यासाठी माझ्याकडून किती घेईल?

हा हिशेब कसा करायचा ते एका खऱ्या जोडीवर बघू. एचडीएफसी बँकेची दोन कार्डं घेऊ, मनीबॅक प्लस आणि मिलेनिया. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणारे लोक भरपूर आहेत. बँका नियम बदलत असतात, त्यामुळे आकडे बँकेच्या पानावरून ताजे घ्या. पद्धत मात्र कुठल्याही बँकेच्या दोन कार्डांना लागू पडते.

आधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवू

मनीबॅक प्लस:
- वार्षिक फी ५०० रुपये अधिक १८% जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. वर्षात ५०,००० रुपये खर्च केले की फी माफ.
- दर १५० रुपयांवर २ कॅशपॉइंट.
- अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, स्विगी, बिगबास्केट आणि रिलायन्स स्मार्ट सुपरस्टोअरवर दहापट, म्हणजे दर १५० रुपयांवर २० पॉइंट. महिन्याला कमाल २,५०० पॉइंट.
- एका तिमाहीत ५०,००० रुपये खर्च झाले तर ५०० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर.

मिलेनिया:
- वार्षिक फी १,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये. वर्षात १ लाख खर्च केले की माफ.
- अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मिंत्रा, स्विगी, झोमॅटो, उबर, बुकमायशो, कल्ट डॉट फिट, सोनी लिव्ह आणि टाटा क्लिकवर ५%. महिन्याला कमाल १,००० रुपये.
- बाकी खर्चावर १%, त्यालाही महिन्याला कमाल १,०००.
- एका तिमाहीत १ लाख खर्च झाले तर १,००० रुपयांचं व्हाउचर किंवा विमानतळावरची लाउंज, यातलं एक.

यादी नीट बघा. बिगबास्केट जुन्या कार्डावर आहे, नवीनवर ५ टक्क्यांत नाही. झोमॅटो आणि उबरचं उलटं आहे. 'वरचं' कार्ड प्रत्येक बाबतीत वरचं असतंच असं नाही.

पॉइंट म्हणजे रुपया नव्हे

दोन्ही कार्डांवर मिळतात ते 'कॅशपॉइंट'. नाव एकच, किंमत वेगळी. बिलातून वजा करून घेताना मिलेनियाचा एक पॉइंट १ रुपयाचा, तर मनीबॅक प्लसचा एक पॉइंट २५ पैशांचा. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळं टक्क्यांत आणणं.

मनीबॅक प्लसवर १५० रुपयांना २० पॉइंट मिळतात, म्हणजे ५ रुपये. टक्केवारी झाली ३.३३. साध्या खर्चावर १५० रुपयांना २ पॉइंट, म्हणजे ५० पैसे, म्हणजे ०.३३%. आता तुलना करता येते: खास दुकानांवर ३.३३ विरुद्ध ५, बाकी खर्चावर ०.३३ विरुद्ध १.

यात एक बारीक गळतीही आहे. 'दर १५० रुपयांवर' याचा अर्थ १५० चे पूर्ण टप्पेच मोजले जातात. स्विगीवर २९० रुपयांची ऑर्डर दिली तर एकच टप्पा धरला जातो आणि उरलेल्या १४० रुपयांवर काही नाही. म्हणजे कागदावरचे ३.३३% त्या ऑर्डरवर जेमतेम १.७% होतात. छोट्या ऑर्डरी जास्त असतील तर टप्प्याने मोजणारं कार्ड दिसतं त्यापेक्षा कमीच देतं.

पॉइंट वळते करून घेण्यालाही नियम असतात. मिलेनियावर किमान ५०० पॉइंट साठले पाहिजेत. शिवाय प्रत्येक वेळी वळते करताना बँक छोटं शुल्क लावते. म्हणून दर महिन्याला थोडे थोडे काढण्यापेक्षा साठवून एकदम काढलेले परवडतात. त्यांची मुदत संपायच्या आत काढा म्हणजे झालं.

आता दोन माणसं, दोन उत्तरं

समजा, पुण्यात फ्लॅट शेअर करून राहणारी, आयटीत नोकरी करणारी एक मुलगी आहे. कार्डावरचा तिचा महिन्याचा खर्च असा: अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट ४,०००, स्विगी २,०००, झोमॅटो १,५००, उबर १,०००, बिगबास्केट १,५०० आणि बाकी सगळं ५,०००. एकूण १५,०००, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. (टप्प्यांची गळती सोयीसाठी धरलेली नाही.)

मनीबॅक प्लसवर: अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट, स्विगी आणि बिगबास्केट मिळून ७,५०० रुपये. त्यावर १,००० पॉइंट, म्हणजे २५० रुपये. उरलेल्या ७,५०० वर १०० पॉइंट, म्हणजे २५ रुपये. महिन्याला २७५, वर्षाला ३,३०० रुपये.

मिलेनियावर: अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट, स्विगी, झोमॅटो आणि उबर मिळून ८,५०० वर ५%, म्हणजे ४२५. उरलेल्या ६,५०० वर १%, म्हणजे ६५. महिन्याला ४९०, वर्षाला ५,८८० रुपये.

दोन्ही कार्डांची फी तिला माफ होते. फरक २,५८० रुपयांचा. तिने अपग्रेड घ्यावं.

दुसरा, नाशिकला घरीच राहणारा मुलगा. घरचा किराणा तो बिगबास्केटवरून मागवतो, २,००० चा. अ‍ॅमेझॉनवर १,०००, बाकी ३,०००. महिन्याला ६,०००, वर्षाला ७२,०००.

मनीबॅक प्लसवर: ३,००० वर ४०० पॉइंट, म्हणजे १०० रुपये. बाकी ३,००० वर १० रुपये. वर्षाला १,३२० रुपये, आणि ५०,००० पार झाल्याने फी माफ.

मिलेनियावर: अ‍ॅमेझॉनचे ५०, बाकी ५,००० वर ५०. वर्षाला १,२००. पण १ लाख पूर्ण झाले नाहीत, म्हणून १,१८० रुपये फी. हातात राहिले २० रुपये.

म्हणजे '५% वालं भारी कार्ड' घेऊन त्याचं वर्षाला १,३०० रुपयांचं नुकसान. कार्ड तेच, बँक तीच. बदलला तो फक्त खर्च.

आणखी एक गंमत बघा. पुण्याच्या मुलीचा तिमाहीचा खर्च ४५,००० आहे. तो वाढून ५०,००० झाला तर जुन्या कार्डावर तिला दर तिमाहीला ५०० रुपयांचं व्हाउचर मिळेल, वर्षाला २,००० चं. वाढीव खर्च 'बाकी' या प्रकारातला धरला तर अपग्रेडचा फायदा २,५८० वरून साधारण ७०० रुपयांवर येतो. तुमचा खर्च अशा एखाद्या उंबरठ्याजवळ असेल तर व्हाउचर हिशेबात धरायला विसरू नका. मात्र उंबरठा गाठायचा म्हणून उगाच खरेदी करणं म्हणजे ५०० च्या व्हाउचरसाठी ५,००० घालवणं.

कमाल मर्यादा कुठे चावते

मिलेनियाचे ५% महिन्याला १,००० रुपयांवर थांबतात, म्हणजे २०,००० च्या खर्चावर. फ्लिपकार्टवर ६०,००० चा फोन घेतला तर ५% ने ३,००० व्हायला हवेत, मिळतात १,०००. त्या खरेदीवर तुमचा खरा दर पडला १.६७%. त्यामुळे मोठी खरेदी करताना कॅशबॅकच्या टक्क्यांपेक्षा सेलमध्ये त्या बँकेच्या कार्डावर थेट किती सूट आहे ते आधी बघा. ती बहुतेक वेळा दोन्ही कार्डांना सारखीच असते, म्हणजे त्यासाठी अपग्रेडची गरज नाही.

बँकेला कसं कळतं तुम्ही कुठे खर्च केला?

'मी तर खाण्यावरच खर्च केला, मग कॅशबॅक का नाही?' हा प्रश्न सगळ्यांना कधी ना कधी पडतो. बँक तुमची पावती वाचत नाही. कार्ड स्वाइप झालं की दुकानाच्या नावासोबत एक चार आकडी कोड जातो, मर्चंट कॅटेगरी कोड. थोडक्यात एमसीसी. किराणा आणि सुपरमार्केटला ५४११, पेट्रोल पंपाला ५५४१, उपाहारगृहाला ५८१२, घरभाड्याला ६५१३, कर भरण्याला ९३११. दुकानदाराला कार्ड मशीन किंवा पेमेंट गेटवे देणारी बँक हा कोड ठरवते. मॉलमधल्या फूड कोर्टचा कोड वेगळाच लागलेला असेल, तर तुमच्या बँकेसाठी तो खाण्याचा खर्च नाही.

'स्विगीवर ५%' अशा ऑफरमध्ये बँक कोडपेक्षाही पुढे जाऊन त्या कंपनीची मर्चंट ओळख तपासते. म्हणून अ‍ॅमेझॉनवर कार्डाने वस्तू घेणं आणि त्याच कार्डाने अ‍ॅमेझॉन पेचं वॉलेट भरणं, हे तुम्हाला एकच वाटलं तरी बँकेला दोन वेगळे व्यवहार दिसतात. दुसऱ्या साइटवरून घेतलेलं अ‍ॅमेझॉनचं गिफ्ट कार्डही अ‍ॅमेझॉनचा खर्च ठरत नाही.

काही खर्चांवर तर शून्य मिळतं. एचडीएफसीने जानेवारी २०२३ पासून घरभाडं आणि सरकारी भरण्यावर पॉइंट देणं थांबवलं, इंधनावरही पॉइंट नाहीत. तुमच्या खर्चात भाड्याचा वाटा मोठा असेल तर तो या तुलनेतून सरळ वगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चहाची टपरी, भाजीवाला, गल्लीतलं मेडिकल, इथे आपण क्यूआर स्कॅन करतो. यूपीआयवर क्रेडिट कार्ड २०२२ पासून चालतं, पण ते रुपे कार्ड असेल तरच, आणि दुकानदारालाच, मित्राला पैसे पाठवताना नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड असेल तर हा सगळा खर्च कार्डावर येतच नाही. म्हणून 'माझा महिन्याचा खर्च २५,००० आहे' असं मनातल्या मनात धरू नका. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जे दिसतं तेवढंच मोजा.

स्वतःचा हिशेब, अर्ध्या तासात

१. बँकेच्या अ‍ॅपमधून मागच्या १२ महिन्यांची स्टेटमेंटं डाउनलोड करा. किमान सहा तरी हवीतच.

२. फोनवरच्या गूगल शीट्समध्ये चार गट करा: दोन्ही कार्डांवर खास दर असलेली दुकानं, फक्त जुन्यावर खास, फक्त नवीनवर खास आणि बाकी. पेट्रोल, भाडं, वॉलेट, सरकारी भरणा बाजूला काढा.

३. प्रत्येक महिन्याचा कॅशबॅक वेगळा काढा आणि कमाल मर्यादा त्या महिन्यालाच लावा. वर्षाची बेरीज करून मग मर्यादा लावली तर उत्तर चुकतं, कारण दिवाळीच्या महिन्यात मर्यादा पार होते आणि फेब्रुवारीत रिकामी राहते. शीटमधलं 'मिन' फंक्शन हेच काम करतं: हिशेबाचा आकडा आणि मर्यादा यातलं जे लहान ते घ्या.

४. दोन्हींतून फी आणि त्यावरचा जीएसटी वजा करा. माफीची अट तुम्ही खरंच पूर्ण करता का, ते मागच्या वर्षाच्या खर्चावरून ठरवा, पुढच्या वर्षीच्या अपेक्षेवरून नाही.

५. फरक वर्षाला ५०० रुपयांपेक्षा कमी आला तर राहू द्या. बदलाचा त्रास त्यापेक्षा जास्त आहे. तो कुठला, ते पुढे.

अपग्रेडच्या आधी बँकेला विचारायचे प्रश्न

तुमचं आत्ताचं कार्ड 'लाइफटाइम फ्री' आहे का? असेल तर अपग्रेडनंतरही ते तसंच राहणार का, हे ईमेलवर किंवा अ‍ॅपच्या चॅटवर लेखी घ्या. फोनवरचं 'हो सर, फ्रीच आहे' पुरेसं नाही. पहिल्या वर्षीची फी लगेच लागणार की नाही, हेही विचारा.

जुने पॉइंट नवीन कार्डावर येणार का, आणि कुठल्या किमतीने? २५ पैशांचा पॉइंट १ रुपयाच्या पॉइंटवाल्या कार्डावर कसा धरतात हे स्पष्ट नसेल तर सरळ आधीच वळते करून घ्या.

अपग्रेडसाठी सिबिलमध्ये नवीन चौकशी नोंदवली जाणार का? नवीन कार्डाच्या अर्जावर ती नोंदवली जाते आणि थोड्या काळात अशा चौकश्या वाढल्या की स्कोअरवर परिणाम होतो. त्याच बँकेत अपग्रेड करताना बऱ्याचदा ती टळते, पण सगळ्या बँकांची पद्धत सारखी नाही. पुढच्या काही महिन्यांत बाइक किंवा शिक्षणासाठी कर्ज काढणार असाल तर हा प्रश्न नक्की विचारा.

चौथा प्रश्न: जुनं बंद न करता दुसरं कार्ड मिळेल का? स्विगी एचडीएफसी हे २०२३ मध्ये आलेलं कार्ड अनेक जण बँकेच्या नेहमीच्या कार्डासोबत वापरतात. दोन कार्डं असली तरी लिमिट बहुतेक वेळा एकत्रच असतं आणि फी मात्र दोन लागतात, हे लक्षात ठेवा. शिवाय खर्च दोन कार्डांत विभागला गेला की फी माफीचा उंबरठा दोन्हींवर लांब जातो.

नवीन कार्ड हातात आल्यावर

अपग्रेडनंतर सहसा कार्डाचा नंबर बदलतो. ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानं तुमचा कार्ड नंबर साठवत नाहीत, त्याऐवजी टोकन ठेवतात. ते टोकन जुन्या कार्डाचं असतं. म्हणून प्रत्येक अ‍ॅपमध्ये नवीन कार्ड पुन्हा सेव्ह करावं लागतं. ओटीटी, क्लाउड स्टोरेज, मोबाइल बिल यांचे ऑटो-पे सुद्धा नव्याने मंजूर करा. विम्याचा हप्ता ऑटो-पेवर असेल तर तो पहिल्यांदा बदला. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडू शकते, आणि तेवढं नुकसान कुठल्याच कॅशबॅकने भरून निघत नाही.

नवीन कार्ड ऑनलाइन चाललं नाही तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवरच चालतं. ऑनलाइन, टॅप करून आणि परदेशी व्यवहार तुम्हाला अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंदच ठेवा.

न मागता अपग्रेड झालं तर?

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबाबतचे निर्देश इथे तुमच्या बाजूने आहेत. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँक कार्ड देऊ शकत नाही आणि अपग्रेडही करू शकत नाही. तसं करून बिल लावलं, तर बँकेने ती रक्कम मागे घ्यायची आणि वर तिच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. कार्ड बंद करायची विनंती केली आणि थकबाकी नसेल, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. शुल्कात बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. त्यामुळे बँकेचे कंटाळवाणे ईमेल न वाचता डिलीट करू नका.

'अपग्रेड'च्या नावाने फसवणारेही असतात. ओटीपी विचारणारा, व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवणारा, स्क्रीन शेअर करायला लावणारा माणूस बँकेचा नसतो. ऑफर खरी असेल तर ती बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर दिसते. दिसली नाही तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि एक शेवटचं गणित

हा सगळा हिशेब एकाच अटीवर खरा आहे: बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू' भरला की उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं आणि नवीन खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दर महिन्याला साडेतीन टक्के धरा. १५,००० च्या थकबाकीवर एका महिन्याचं व्याज ५२५ रुपये आणि त्यावर जीएसटी ९४.५०, म्हणजे जवळपास ६२०. पुण्याच्या मुलीला नवीन कार्डावर महिन्याला मिळणारे ४९० रुपये त्यात बुडाले आणि वर १३० गेले.

त्यामुळे मागच्या वर्षात दोन-तीनदा बिल पूर्ण भरता आलं नसेल, तर अपग्रेडचं बटण सध्या बाजूला ठेवा. आधी सॅलरी अकाउंटवरून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा. सहा महिने ते सुरळीत चाललं की शीट पुन्हा उघडा. अपग्रेडच्या ऑफरी बँका पाठवतच राहतात, तोवर थांबलात तरी काही बिघडत नाही.